डावीकडचं गाव

"या मेल्याला थांबा कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?" पुढच्या बाकावरची बाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, पण आवाज असा की मागच्या बाकालाही ऐकू यावा. "परवा माझी नणंद हात हलवून हलवून दमली. हा आपला गेला सरळ, राजाची स्वारी निघाल्यासारखा."

"झोपेत चालवतो गं," शेजारीण म्हणाली. "बायको घरी कटकट करत असेल, डोळ्याला डोळा लागू देत नसेल."

दोघी खांद्याला खांदा घासून हसल्या. मागच्या बाकावर, मांडीवर प्लॅस्टरच्या साच्यांचा डबा घेऊन बसलेल्या तिला आधी रागच आला, कारण ती बायको तीच होती. कटकट तो करायचा, ती नव्हे. आणि झोपेचं म्हणाल तर ताटावरून उठला की घोरायला लागणारा माणूस. हे सगळं त्या दोघींच्या मधे तोंड घालून सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण मग ड्रायव्हर आपला नवरा आहे हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला आज जीभ का रेटेना ते तिला कळेना. एरवी ती त्याच्या बसमध्ये सहसा नसायचीच. तिची दातांची लॅब शहराच्या दुसऱ्या अंगाला, तिकडची बस वेगळी. आज लॅबमधली भट्टी बंद पडली म्हणून मालकांनी सगळ्यांना लवकर सोडलं, डॉक्टरांकडे पोचवायचे साचे तिच्या हातात दिले, आणि समोर येऊन उभी राहिली ती नेमकी त्याची गाडी. ती मागच्या दाराने चढली. त्याला पत्ताही नव्हता. तिथून त्याचं नुसतं डोकं दिसत होतं आणि मानेवरचे केस, जे तिनेच कापले होते, थोडे वाकडे. त्याला असं पाठमोरं, कामात गढलेलं बघायला तिला आवडायचं. लग्न नवं होतं तेव्हा ती मुद्दाम शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि काही काम नसताना त्याच बसने परत यायची. एवढं मोठं धूड हा माणूस नुसत्या तळहाताने वळवतो, याची तिला मजा वाटायची, आणि कुणाला न दाखवता मिरवावा असा गर्वही. आजही ती ते डोकंच बघत होती, म्हणून बाहेर तिची नजर जरा उशिरा गेली. डाव्या खिडकीत थांबा आला. थांब्यावरून एक बाई पुढे झालेली, एक पाय रस्त्यावर, हात वर. बस हळू झालीच नाही. बाईने पाय मागे घेतला आणि बसचं अख्खं अंग तिच्या नाकासमोरून सरकत गेलं. कंडक्टरने घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, मग दोरी ओढूनच धरली. करकचून ब्रेक लागला. डब्यातले साचे एकमेकांवर आपटले. "बघितलंस?" पुढची म्हणाली. तिनेही बघितलं होतं. तिने हेही बघितलं की नवऱ्याचं डोकं त्या बाईच्या बाजूला वळलंच नव्हतं. घाईतला माणूस, गुर्मीतला माणूस, अगदी पेंगणारा माणूससुद्धा वळवतो, तेवढंही नाही. ती बाई त्याच्यापुरती तिथे नव्हतीच. कंडक्टर मागे वळला, त्याला ती, त्याची वहिनी, दिसली, आणि तो गळ्यातल्या पिशवीचं तोंड उघडून उगाच आत डोकावू लागला.

ती घराच्या अलीकडेच उतरली आणि साचे डॉक्टरांकडे देऊन चालत घरी गेली. आपण त्याच्या बसमध्ये होतो हे तिने त्याला सांगितलं नाही. का नाही, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं आणि तेच नको होतं. तो आला तो रोजच्यासारखा दाराच्या चौकटीला डावा खांदा घासत. "या दाराला कुणीतरी रोज आत सरकवतं बघ," तो म्हणाला. "सांगते हं त्याला," ती म्हणाली. हा त्यांचा नेहमीचा विनोद झाला होता, इतका नेहमीचा की चौकटीवर त्याच्या खांद्याच्या उंचीला रंग उडाला होता आणि दोघांनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं होतं. जेवताना त्याच्या ताटात डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. ती पाणी ओतायच्या निमित्ताने ताट अलगद फिरवायची. "अरे, अजून आहे वाटतं," तो खूश होऊन म्हणायचा आणि संपवायचा. ताट फिरवायची सवय आपल्याला कधी लागली, हे तिने आठवून पाहिलं. थंडीत एक दिवस त्याचं डोकं भयंकर दुखलं होतं. दिवसभर पडदे ओढून पडला होता. सकाळी उठला आणि म्हणाला, झालं बुवा, ढग होता, सरकला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्तावर ढकललं, मुलीने फोनवर झोपेवर ढकललं, तिने स्वतः उन्हावर ढकललं, थंडी असून. ड्रायव्हर लोकांची डोळ्यांची सरकारी तपासणी त्याच्या आधीच होऊन गेलेली होती. पुढची यायला अवकाश होता. ताट त्यानंतर कधीतरी फिरायला लागलं.

चहा झाला की तो टीव्हीसमोर बसायचा आणि गाव राखायचा. टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायचं ते यंत्र लेकीचं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना ती म्हणाली होती, "बाबा, राहू दे इथेच. पहिली पाळी संपवून दुपारभर तुम्ही आईचं डोकं खाता, त्यापेक्षा ड्रॅगनचं खा." सुरुवातीला त्याला हातातल्या त्या रिमोटची बटणं सापडत नसत. लेक म्हणायची, बाबा, रिमोट नाही, कंट्रोलर. तो म्हणायचा, ज्याने टीव्ही हलतो तो रिमोट. खेळात तो एक धनुष्यबाणवाला होता, आणि त्याला म्हणे जग वाचवायचं होतं, डोंगर, गुहा, राजे, तलवारी. त्याने जग वाचवायचा नाद पहिल्याच आठवड्यात सोडला. वाटेत एक लहानसं गाव लागलं, दगडी चौक, विहीर, लोहाराची भट्टी, खाणावळ, कोबी विकणारी एक बाई, आणि तो तिथेच राहिला. कारण त्या गावावर ड्रॅगन येत. त्यांना तो पाखरू म्हणायचा. पाखरू आलं की गावातली शहाणी माणसं घरात पळण्याऐवजी बाहेर धावत सुटत. लोहार हातोडी घेऊन, खाणावळवाला पळी घेऊन, कोबीवाली भाजीची सुरी घेऊन, त्या डोंगराएवढ्या जनावरावर चालून जात आणि भाजून निघत. आणि मेलेलं माणूस या खेळात परत येत नसे. लेक म्हणाली, जुन्या ठिकाणावरून पुन्हा सुरू करता येतं बाबा, मग सगळे जिवंत. त्याला ते पटलं नाही. "गाडीला मागचा गिअर असतो," तो म्हणाला, "माणसाला नसतो." त्याने वेगळीच रीत काढली. पाखरू यायच्या आधी आभाळात एक लांब आवाज होई. तो आला की हा चौकात उतरायचा आणि एकेका गावकऱ्याला अंगाने ढकलत, रेटत खाणावळीच्या दारातून आत कोंबायचा. "चला, आत सरका. आत सरका. दारात उभं राहू नका. ओ लोहारबुवा, आत जागा आहे, पुढे व्हा." सगळं गाव खाणावळीत भरलं की तो दार अडवून उभा राहायचा आणि मग सावकाश धनुष्य काढायचा. लेकीला हसून हसून ठसका लागला होता. जगात कुणी हा खेळ असा खेळत नसेल, ती म्हणाली. बाबांनी ड्रॅगनच्या खेळाची बस केली.

बायको तेव्हा त्याच्या डाव्या हाताला बसायची. नंतर खुर्ची उजवीकडे आली. डावीकडून बोललं की तो दचकायचा, म्हणून. कुणी ठरवलं नाही, कुणी उचलली ते आठवत नाही. खुर्च्यांनाही कळतं कुठे बसावं ते. उजवीकडून ती त्याच्या खेळात भाग घ्यायला लागली, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांनी नवरा-बायकोला मिळून करायला काहीतरी मिळालं याचं तिला मनापासून सुख झालं. आधी ती ओरडायची, "अहो, डावीकडे! डावीकडे बघा!" मग तिच्या लक्षात आलं की आपण सारखं डावीकडेच म्हणतोय. उजवीकडे कधीच नाही. त्या दिवसापासून तिने तो शब्द टाकून दिला. "कोबीवाली कुठे दिसत नाही ती?" ती विचारायची, म्हणजे तो धनुष्यवाल्याला गोल फिरवायचा आणि कोबीवाली सापडायची. "लोहाराची भट्टी पेटलेली का आहे?" म्हणजे पाखरू तिकडून आलंय. एकदा ती स्वयंपाकघरात दूध बघायला गेली आणि तेवढ्यात दोर वळणारी म्हातारी गेली. ती बाहेर आली तेव्हा टीव्हीच्या डाव्या कडेला म्हातारी पडलेली होती, दोराचं वेटोळं अजून हातात. तो मधोमध उभा राहून विचारत होता, "कुणी गेलं का गं?" "नाही," ती म्हणाली. दोन-चार दिवसांनी त्याला चुकल्यासारखं वाटलं. "ती दोरवाली हल्ली दिसत नाही." "माहेरी गेली असेल." "खेळात माहेर असतं होय?" "बाईमाणूस आहे म्हणजे असणारच," ती म्हणाली, आणि दोघं हसली. तिला नंतर पुष्कळ वेळा वाटलं, इतकं सहज, इतकं चांगलं खोटं आपण आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

पण खोटं हाच तर तिचा धंदा होता. ती कवळ्या बनवायची. डॉक्टर माप पाठवत, ती मेणात एकेक दात लावायची, मग मेण जाऊन तिथे गुलाबी हिरडी यायची, मग घासायचं, चमकवायचं. नवख्या मुली सगळे दात कसे ओळीत, शुभ्र, कवायतीला उभे केल्यासारखे लावत. ती म्हणायची, अगं, अशाने लोक त्याच्या तोंडाकडे बघतील आणि म्हणतील, कवळी. एखादा दात किंचित तिरका ठेव, एखादा जरा पिवळसर. ज्याच्या तोंडात बसायची आहे त्यानेच विसरलं पाहिजे की इथे आपलं काही नव्हतं. तिच्या हातच्या कवळ्या लोक विसरत. बायकांना नवऱ्यांच्या कवळ्या कळल्या नाहीत असेही किस्से लॅबमध्ये सांगितले जात. आता साचा हातात धरून, पोकळ हिरडीवरून बोट फिरवताना तिच्या मनात आलं की ती रोज दुपारी घरी जाऊन तेच करते. त्याच्याजवळ जे नाही ते ती त्याला बसवून देते, इतकं बेमालूम की त्याला टोचत नाही, हलत नाही, आणि तो विसरून जातो की ते आपलं नव्हे. मग तिला थांब्यावरची बाई आठवली आणि दाताभोवतीचं मेण तिच्या चिमटीत चेपलं गेलं.

शनिवारी दुपारी कंडक्टर घरी आला. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं एकाच गाडीवर, वयाने लहान, त्याला दादा म्हणणारा, तिला वहिनी. आला तेव्हा आभाळात तो लांब आवाज नुकताच झालेला होता आणि नवरा गाव भरत होता. "ये ये, बस," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "आत सरका हो, आत सरका. बघ रे, तुझं कामही मलाच करावं लागतं." कंडक्टर डाव्या हाताच्या स्टुलावर बसला. चहा घेतला. हवेबद्दल बोलला. डेपोतल्या कँटीनच्या चहाला ब्रेक ऑइलचा वास येतो म्हणाला. मग म्हणाला, "दादा, मी काय म्हणतो..." नवरा दचकला, रिमोट हातातून निसटता निसटता राहिला. "अरे, कितीदा सांगितलं, असं कानात येऊन बोलत जाऊ नकोस."

कंडक्टर त्याच्या कानापासून चांगला हातभर लांब होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती चहाच्या कपांकडे बघत होती.

"सोमवारपासून आपल्या गाडीवर दारातच यंत्र बसतंय दादा, तिकिटाचं," तो म्हणाला. "मला दुसरीकडे टाकलंय. तुम्ही एकटेच गाडीवर."

"माहिताय की. बोर्डावर लागलंय. यंत्राला निदान गप्पा मारायला लागत नाहीत."

"एकट्याने जड जाईल."

"गाडी मी चालवतो की तू?"

"तुम्हीच चालवता, पण..." कंडक्टरने कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "मी म्हणत होतो, थोडे दिवस डेपोत बसा. वेळापत्रकाचं काम असतं. बसून. पंखा आहे."

"पंखा!" नवरा हसला. "पंख्याखाली बसायला मी काय वर्तमानपत्र आहे, उडू नये म्हणून ठेवलेलं? साहेबांनी पाठवलं ना तुला? त्यांनीही परवा बोलावलं होतं. कुणीतरी तक्रार केली म्हणे, थांबे चुकतात. म्हणाले, एकदा डोळे दाखवून घ्या."

"मग दाखवा ना."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," ती पटकन म्हणाली.

"हां, चष्मा," कंडक्टर तितक्याच पटकन म्हणाला. "चष्म्याचंच असणार."

फोनवर लेकही हेच म्हणायची, आई, बाबांचा चष्मा बदला. सगळ्यांनी मिळून सगळं त्या बिचाऱ्या चष्म्यावर घातलं होतं. टीव्हीवर पाखरू खाली झेपावत होतं, आणि डाव्या कडेला, विहिरीपाशी, खाणावळवाल्याची पोरगी दार सोडून बाहेर आलेली होती, मुठी वळून. बायकोचं तोंड सवयीने उघडलं. "खाणावळवाल्याची मुलगी आत आहे ना हो?" त्याने धनुष्यवाल्याला गोल फिरवलं, पोरगी सापडली, तिला रेटत आत नेलं, वळला आणि बाण सोडला. कंडक्टर हे सगळं बघत होता. टीव्हीकडे नाही, तिच्या तोंडाकडे. घंटीची दोरी ओढणाऱ्याला दुसऱ्याने ओढलेली दोरी लगेच ओळखू येते. पाखरू धाडकन चौकात पडलं. नवऱ्याने रिमोट मांडीवर ठेवला आणि पाठ ताणली.

"कुणी गेलं का गं?"

"नाही."

"ऐकलंस?" तो कंडक्टरला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसण्याखाली काहीतरी होतं, घट्ट धरून ठेवलेलं. "एकही नाही. मी रोज बघतो. साहेबांना जाऊन सांग, मी डोळे रोज तपासतो. डॉक्टर काय भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, ती जागची हलत तरी नाहीत. इथे चारी बाजूंनी आग, माणसं वेड्यासारखी पळतायत, आणि एकही जात नाही. ज्या दिवशी माझ्या हातून कुणी गेलं, त्या दिवशी मी आपणहून चाव्या ठेवीन. तोवर मला पंखा दाखवू नका."

ती समजत होती की तो खेळतोय. तिला वाटत होतं की हे आपल्या दोघांचं दुपारचं सुख आहे, एक कुणाचंच नुकसान न करणारं गाव आहे, तिथे आपण त्याला जरा सांभाळून घेतो, ताट फिरवावं तसं. आणि तो रोज तिथे परीक्षेला बसत होता. म्हणजे त्याला काहीतरी कळत होतं. चौकट, खांदा, साहेब, थांबे, हे सगळं रोज कुठेतरी साचत होतं, आणि रोज संध्याकाळच्या आत तो ते या गावात घेऊन येऊन विचारत होता, कुणी गेलं का. आणि ती रोज त्याला कॉपी पुरवत होती. तो रोज उत्तीर्ण होऊन सकाळी उठून, दाढी करून, डाव्या गालावर खुंट तसेच ठेवून, गाडीवर जात होता. तिने गावातल्या माणसांना वाचवलं होतं. कोबीवालीला, लोहाराला, त्या मूठ वळलेल्या पोरीला. ज्यांना भाजलं तरी दुखत नाही अशा सगळ्यांना.

कंडक्टरला सोडायला ती जिन्यापर्यंत गेली. तो एक पायरी उतरला, थांबला.

"वहिनी, तुम्ही त्या दिवशी गाडीत होता."

"होते."

"मी रोज वाजवतो. थांब्याच्या आधीच वाजवतो. 'दादा, आजोबा चढतायत, दादा, शाळेची मुलं आहेत.' सोमवारपासून..." त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

हे तिने इतकं कोरडं विचारलं की तिचं तिलाच वाईट वाटलं. त्याने सांगावं, असं तिला हवं होतं. त्याच्याही मनात तिच्याबद्दल तेच असणार. दोघं जिन्यात उभी राहिली, दोन घंटीवाले.

"चष्म्याचं," तो शेवटी म्हणाला, आणि उतरून गेला.

रविवारी सकाळी तिने लेकीला फोन लावला आणि भलतंच बोलत बसली. लेक म्हणाली, "आई, काय झालंय?" "कुठे काय?" "बाबा बरे आहेत ना?" "मजेत आहेत. गाव राखतायत." लेक म्हणाली, "मागच्या वेळी मी आले होते ना, तेव्हा मी त्यांच्या बाजूला बसून हात हलवला होता. मुद्दाम. अगदी डोळ्यांच्या जवळ." "मग?" "मग काही नाही. चष्मा बदला म्हणाले ना मी." आपण न शिकवताच हिने बरं उचललंय, तिला वाटलं. मेणातला दात किंचित तिरका ठेवायला कुणी हिला शिकवलं नव्हतं.

तो आतल्या खोलीत उद्याचा गणवेश झाडत होता आणि शीळ घालत होता. त्याला गाडी नाही असं तिने मनात चित्र काढून पाहिलं. वेळापत्रकांच्या खोलीत, पंख्याखाली. जिथे कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. घरातल्या घरात चालतानाही तो वळणावर अंग थोडं आधी कलवायचा. तारुण्यात तिने त्या कलण्यावरच जीव टाकला होता. ते घेतलं तर खाली किती माणूस उरेल? तिला हेही कळत होतं की हा प्रश्न विचारत बसणं म्हणजे पुन्हा ताट फिरवणंच आहे. त्यापेक्षा एक सोपी वाट होती. तो म्हणाला होता, ज्या दिवशी कुणी जाईल त्या दिवशी चाव्या ठेवीन. तिला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं. परीक्षा त्याची, उत्तरं त्याची. हे ठरल्यावर तिला बरंच हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची थोडी शंकाही आली.

चहा झाला. तो बसला. ती उजवीकडच्या खुर्चीत बसली, ओठांवर ओठ ठेवून. पडद्यातून ऊन येऊन टीव्हीच्या काचेवर धूळ दिसत होती. गावात सकाळ होती. लोहार ठाकठोक करत होता, कोबीवाली तिचं रोजचं एकच वाक्य बोलत होती, ताजी आहे, आजच काढली. "रोज आजच काढते ही," नवरा म्हणाला. मग तो लांब आवाज झाला. तो ताठ बसला, बसचं स्टिअरिंग धरावं तशी कोपरं बाहेर काढून. "चला. आत सरका. आत सरका, बाबांनो." तो लोहाराला रेटत नेऊ लागला, खाणावळवाल्याला, त्या पोरीला, एका कुबडवाल्या पहारेकऱ्याला. उजवा चौक रिकामा होत गेला. डाव्या अंगाला कोबीवालीने टोपली खाली ठेवली आणि सुरी काढली. बायकोने आपला एक हात दुसऱ्या हाताने धरला. "दार लागलं का?" तो म्हणाला. रोज या वेळी तिचं काहीतरी वाक्य यायचं, त्याने त्यासाठी जागा सोडली होती. ती बोलली नाही. त्याने क्षणभर वाट बघितली. पाखरू विहिरीवरून आलं, आधी सावली, मग आग. कोबीवाली धावली, सुरी उगारून, चिमुकली, शूर, वेडी. तिच्या मागून एक म्हातारा धावला, ज्याचं नावही त्यांनी अजून ठेवलं नव्हतं. खोट्या माणसांसाठी इतकं दुखतंय, तिला वाटलं, मग खऱ्यांच्या वेळी मी घरी कशी बसते? किंकाळी आली. त्याने धनुष्यवाला गर्रकन फिरवला, उजव्या बाजूनेच, पाखरू सापडलं, बाण, बाण, आणखी एक, आणि ते पंख आपटत खाली आलं. धूळ उडाली. बसली. तो श्वास सोडून मागे टेकला.

चौकात मधोमध धनुष्यवाला उभा होता. खाणावळीचं दार उघडलं आणि माणसं एकेक करत बाहेर आली, उजव्या बाजूने. टीव्हीच्या डाव्या अर्ध्यात कोबीवाली उताणी पडली होती, शेजारी म्हातारा, आणि टोपलीतून निसटलेला एक कोबी उतारावर हळूहळू गरगरत विहिरीला जाऊन टेकला. सगळं लख्ख उन्हात. आपण गप्प बसलो की दिसेल, असं तिला वाटलं होतं. दिसायला ते त्याच्यासाठी तिथे असायला हवं होतं.

"बघ," तो म्हणाला. "आज तर तू मदतही केली नाहीस. एकही नाही." त्याचा चेहरा उजळला होता, अगदी लहानपणी पाठांतर म्हणून दाखवल्यावर उजळावा तसा. "मी म्हणत नव्हतो?"

तो टीव्हीकडे बघत राहिला. मग त्याच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "ओरडलं कोण मग?" तो म्हणाला. त्याने मान वळवली, सगळी, खांद्यासकट, तिच्याकडे, आणि आज पहिल्यांदा नुसतं सवयीने नाही तर उत्तर हवं म्हणून विचारलं.

"कुणी गेलं का गं?"

कोबीवाली गेली, म्हातारा गेला, असं सांगता आलं असतं, आणि तेही खरं होतं. तिने खुर्ची उचलली, त्याच्या समोर आणून ठेवली, टीव्हीच्या आड, आणि गुडघ्याला गुडघे लागतील अशी बसली. रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला. त्याचे हात घामाने ओले होते. ते तिने आपल्या हातांत धरले.

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "उद्या गाडी काढू नका."